तांब्यानं राखलेलं लाकूड, तांब्यानंच खाल्लेली पट्टी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या घराच्या पडवीला चार पावसाळ्यांपूर्वी पाईनचे वासे घातले. लाकूड किंचित हिरवट, वाळवी लागू नये म्हणून औषध मुरवलेलं. कडेनं पाणी मुरू नये म्हणून वर ॲल्युमिनियमची पट्टी मारली. यंदा गणपतीच्या साफसफाईत त्या पट्टीवर बोट दाबलं, तर आरपार गेलं. मेस्त्रींनी ती सोलून हातात दिली आणि म्हणाले, "लाकूड ठणठणीत हाय, पट्टीच गेली की ओ."

बाहेरून पट्टी बरी होती. लाकडाला टेकलेल्या बाजूला मात्र पिठासारखा पांढरा चुरा साचलेला. तो झाडला तर खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, स्क्रूभोवती सगळ्यात दाट.

"ॲल्युमिनियमला गंज चढत नाही" हे आपण लहानपणापासून ऐकतो. खरं तर हा धातू फार चटकन गंजतो, पण तो गंजच त्याचं चिलखत बनतो. हवा लागताच पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा. तो शाबूत असेपर्यंत आतला धातू सुरक्षित.

लाकडाचा हिरवटपणा तांब्याच्या क्षारांचा. बुरशी आणि वाळवी तांब्याला टिकत नाही. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण लाकडात मुरवण्याची युक्ती 1933 मध्ये आपल्याच देशात, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी शोधली आणि ती जगभर गेली. याचा मला फार अभिमान वाटतो. आर्सेनिकच्या भीतीनं अमेरिकेत 2003 अखेर घरगुती लाकडासाठी हे मिश्रण थांबलं. नंतरच्या मिश्रणांत आर्सेनिक नाही, पण तांबं जास्त आणि त्याला बांधून ठेवणारं क्रोमियमही नाही. म्हणून धातूंना ती जास्त झोंबतात.

अथणीकडच्या द्राक्षबागायतदाराला पुढची गोष्ट सांगावी लागणार नाही. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचं बुरशीनाशक, तयार झालं की तो त्यात लोखंडी सुरी बुडवतो. पात्यावर तांबूस थर आला, तर मोरचूद मोकळं आहे, अजून चुना हवा. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. ॲल्युमिनियम तर लोखंडापेक्षाही उतावीळ. विरघळण्याची ही ओढ प्रमाण विभवानं मोजतात, आणि तांब्याशी त्याचा फरक 2 व्होल्टचा. पापुद्रा असेपर्यंत तेवढं निभतं. मोरचुदाच्या पाण्यात ॲल्युमिनियम बराच वेळ स्वस्थ बसतं. चिमूटभर मीठ टाका, पापुद्रा फुटतो आणि धातू फसफसून विरघळू लागतो.

पडवीत हेच सावकाश घडलं. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस लाकूड महिनोन्‌महिने ओलं ठेवतो. ओलाव्याबरोबर तांबं बाहेर येतं, पट्टीवर कणाकणानं बसतं, आणि मग प्रत्येक कण शेजारच्या ॲल्युमिनियमबरोबर चिमुकली बॅटरी होतो. तांबं टिकतं, ॲल्युमिनियम झिजतं. लाकूड कोरडं, साधारण 20 टक्क्यांखाली ओलाव्याचं असतं, तर ही बॅटरी जवळपास बंदच राहिली असती.

आता पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये जाड बिटुमेनची (डांबरी) चिकटपट्टी घातली आहे, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. ओल्या सिमेंटलाही ॲल्युमिनियम टेकू देऊ नका; तिथला चुनाही पापुद्रा खातो.

उरलेले हिरवट तुकडे न्हाणीच्या चुलीत मात्र कधीच घालू नका. जुन्या मिश्रणातलं आर्सेनिक जळत नाही, ते धुरात आणि राखेत उतरतं.