फुटसलमध्ये आधी खंडाची संघटना आली, जगाची नंतर

फुटसलचा, म्हणजे हॉलमध्ये पाच-पाच जणांनी खेळायच्या फुटबॉलचा, कारभार म्हटलं की सगळे थेट फिफाचं नाव घेतात, पण फिफाने फुटसलचा पहिला वर्ल्डकप भरवला १९८९ ला, नेदरलँड्समध्ये. त्याच्या चोवीस वर्षं आधी, १९६५ मध्ये, पॅराग्वेच्या असुन्सिओन शहरात दक्षिण अमेरिकेची फुटसल संघटना उभी राहिली होती. उरुग्वे, पॅराग्वे, पेरू, अर्जेंटिना आणि ब्राझील असे पाच देश. म्हणजे आधी खंडाची संघटना आणि मग जगाची, आणि हा क्रम डोक्यात नसेल तर पुढची भांडणं कळतच नाहीत.

सुरुवात उरुग्वेतली. १९३० ला पहिला फुटबॉल वर्ल्डकप त्यांनी घरच्या मैदानावर, माँटेव्हिडिओत जिंकला, सगळं शहर फुटबॉलवेडं, पण पोरांना खेळायला मैदानं कमी. तिथल्या वायएमसीए या तरुणांच्या संस्थेत खेळ शिकवणाऱ्या हुआन कार्लोस सेरियानी सरांनी मग हॉलमध्ये बसेल असा फुटबॉल तयार केला. टीममध्ये पाच जण आणि ४० मिनिटं हे बास्केटबॉलवरून, गोलकीपरचे नियम वॉटरपोलोवरून, गोलपोस्टचं माप हँडबॉलवरून. पुढे वायएमसीएच्याच शाखांमधून खेळ ब्राझीलला गेला आणि तिथे १९५४ ला रिओत पहिलं फेडरेशन झालं.

खरी अडचण बॉलची होती. नेहमीचा फुटबॉल लाकडी फ्लोअरवर इतका उडायचा की पासिंग जमायचंच नाही, म्हणून बॉल लहान केला आणि आत लाकडाचा भुसा, बूच, घोड्याचे केस असलं काय काय भरून जड केला. म्हणून तिकडे याला ‘जड बॉलचा खेळ’ही म्हणायचे. आजच्या नियमातही बॉल २ मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला ५० ते ६५ सेंटीमीटरच उसळला पाहिजे. आपल्याकडे टर्फवर नेटच्या आत जे खेळतात त्यालाही सर्रास फुटसल म्हणतात, पण कठीण फ्लोअर आणि कमी उसळणारा बॉल नसेल तर ते फुटसल नाही, हे माझं ठाम मत आहे.

असो. तर १९६५ ला संघटना झाली, त्याच वर्षी असुन्सिओनलाच पहिली दक्षिण अमेरिकन स्पर्धा झाली आणि पॅराग्वेने ती जिंकली. या पायावर १९७१ मध्ये ब्राझीलमध्ये फिफुसा ही जागतिक संघटना बनली, पहिले अध्यक्ष जोआओ हॅवेलांज. हेच हॅवेलांज १९७४ ला फिफाचे अध्यक्ष झाले आणि पुढे त्यांच्याच काळात फिफाने हा खेळ आपल्याकडे ओढला. मला तरी या सगळ्या कहाणीतली सगळ्यात लागणारी गोष्ट हीच वाटते.

फिफुसाचा पहिला वर्ल्डकप १९८२ ला साओ पाउलोत झाला, ब्राझीलने पॅराग्वेला १-० हरवलं. मग फिफाने या खेळाच्या नावातल्या ‘फुटबॉल’ या शब्दावरच हरकत घेतली, तेव्हा १९८५ च्या सुमारास फिफुसावाल्यांनी ‘फुटसल’ हा जोडशब्द पुढे आणला. आज तोच शब्द फिफाच्या ट्रॉफीवर आहे आणि ज्यांनी आणला त्यांचं नाव कोणी घेत नाही, हे बरोबर नाही.

१९९० ला ब्राझील फिफुसा सोडून फिफाकडे गेला आणि खंडात दोन घरं झाली. फिफाच्या बाजूने कॉनमेबॉल, म्हणजे दक्षिण अमेरिकेची फुटबॉल संघटना, फुटसल बघायला लागलं, जुन्या नियमांवाले वेगळे राहिले आणि २००२ मध्ये त्यांची एएमएफ ही जागतिक संघटना झाली. कोलंबियाने तर दोन्ही घरांचे वर्ल्डकप भरवले, २०११ ला एएमएफचा, जो त्यांनी स्वतःच जिंकला, आणि २०१६ ला फिफाचा, जो अर्जेंटिनाने नेला. देश तोच, पण पहिल्यात बॉल साइडलाइनबाहेर गेला की हाताने आत टाकायचे आणि दुसऱ्यात पायाने.