विमानाखालून पृथ्वी पुढे सरकत नाही

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोहोचते, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. कल्पना सहज पटण्याजोगी आहे. पण विमान ज्या हवेत उडते ती हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते, ही गोष्ट त्यात सुटून जाते. प्रत्यक्षात तर उलटेच घडते. लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे ५,५०० किलोमीटर. जाताना साधारण ८ तास लागतात आणि परतताना सुमारे ७. याचे कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ताशी १०० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ८०० उरतो. तोच वारा पाठीशी असला तर १,००० होतो. या वाऱ्यांची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या परिवलनाचा वाटा आहे, एवढे मात्र खरे.

पडताळणी तिकिटावरूनही करता येते, फक्त त्यावरील वेळा स्थानिक असतात हे ध्यानात ठेवावे. लंडनहून सकाळी ११ वाजता निघालेले विमान न्यूयॉर्कला दुपारी २ वाजता उतरले, तर प्रवास ३ तासांचा भासतो. दोन्ही शहरांच्या घड्याळांतील ५ तासांचा फरक मिळवला की बरोबर ८ भरतात.