बेपत्तांच्या मुलांचे चित्रपट (अर्जेंटिना)

अर्जेंटिनातील लष्करी राजवटीने (१९७६–८३) नाहीसे केलेल्या राजकीय कार्यकर्त्यांच्या मुलांनी मोठेपणी आपल्या आईवडिलांविषयी काढलेले आत्मकथनपर माहितीपट. २४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता बळकावल्यावर हजारो माणसांना घरातून वा रस्त्यावरून उचलून गुप्त छळछावण्यांत नेण्यात आले आणि त्यांपैकी बहुतेकांचा पुढे मागमूस लागला नाही. १९८४ साली राष्ट्रीय चौकशी आयोगाने सुमारे ८,९६० बेपत्तांची नोंद केली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० मानतात. प्रेत नाही, थडगे नाही, मृत्यूची तिथीही नाही, त्यामुळे घरातले सुतक कधी फिटतच नाही. हे चित्रपट त्या अवस्थेतून आले आहेत.

मारिया इनेस रोके यांचे वडील मोंतोनेरोस या सशस्त्र संघटनेचे नेते होते व १९७७ मध्ये मारले गेले. त्यांनी मुलांसाठी मागे ठेवलेले पत्र ‘पापा इव्हान’ (२०००) या चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. हुतात्मा वडिलांपेक्षा जिवंत वडील आपल्याला हवे होते, असे मुलगी त्यात उघडपणे म्हणते. डाव्या चळवळीच्या घरांत हे वाक्य उच्चारणे सोपे नव्हते.

आल्बेर्तिना कार्री यांचा ‘लोस रुबिओस’ (२००३) सर्वाधिक वादग्रस्त ठरला. आईवडिलांना नेले तेव्हा त्या अवघ्या ३ वर्षांच्या होत्या. चित्रपटात त्यांची भूमिका एक अभिनेत्री करते, तर अपहरणाचा प्रसंग खेळण्यातल्या बाहुल्यांतून, परग्रहावरचे यान माणसांना उचलून नेते अशा रूपात येतो. शीर्षकाचा अर्थ ‘सोनेरी केसांचे लोक’. जुन्या वस्तीतील एका शेजारणीला हे कुटुंब तसे आठवते, प्रत्यक्षात ते तसे नव्हते. वडील रोबेर्तो कार्री हे समाजशास्त्रज्ञ होते, पण त्यांच्या राजकीय विचारांना चित्रपटात फारशी जागा नाही, या कारणाने समीक्षक मार्तिन कोहान यांनी त्यावर कठोर टीका केली. आक्षेप गंभीर आहे, तरीही ३ वर्षांच्या मुलीपाशी उरले ते तुटक आणि चुकीचेच असणार, हे सांगण्याचा यापेक्षा प्रामाणिक मार्ग दिसत नाही.

निकोलास प्रिविदेरा यांचा ‘एम’ (२००७) उलट दिशेने जातो. त्यांची आई मार्ता सिएर्रा सरकारी कृषी संशोधन संस्थेत काम करीत असे. मुलगा तिच्या जुन्या सहकाऱ्यांसमोर बसतो आणि ती बेपत्ता झाली तेव्हा तुम्ही काय केलेत, हे एकेकाला विचारतो.