फोल्डरवर पहारा: छोट्या डेमनमागची मोठी खटपट

फोल्डरमध्ये फाईल आली, बदलली किंवा उडाली की ठरलेलं काम आपोआप सुरू करणारी मुक्त-स्रोत साधनं लिनक्सवर बरीच आहेत. इन्क्रॉन किंवा इनोटिफायवेट दिवसभर मागे चालू राहिलं, तरी प्रोसेसरला त्याचा पत्ता लागत नाही. या हलकेपणाचं श्रेय साधनापेक्षा कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, जास्त आहे. पहाऱ्याचं खरं काम तिथे होतं; डेमन, म्हणजे मागे चालू राहणारा प्रोग्रॅम, नुसता झोपून हाकेची वाट बघतो.

आधी असं नव्हतं. दर काही सेकंदांनी फोल्डरची यादी काढायची आणि मागच्या यादीशी ताडून पाहायची, हाच सरधोपट मार्ग होता. अंतर कमी ठेवलं तर डिस्क दमते, वाढवलं तर मधल्या वेळात येऊन गेलेली फाईल दिसतच नाही. सिलिकॉन ग्राफिक्सने आपल्या आयरिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी 'फॅम' नावाचा डेमन काढला, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमने वेगळी टेहळणी करायला नको. कर्नलची साथ नसेल तिथे मात्र फॅमलाही पुन्हा याद्याच ताडत बसावं लागे.

२००१ च्या लिनक्स २.४ मध्ये डीनोटिफाय आलं, म्हणजे पहाऱ्याची सोय कर्नलमध्येच झाली. ते वापरणं म्हणजे डोकेदुखीच. प्रत्येक डिरेक्टरी उघडी धरून ठेवायची, त्यामुळे पेन ड्राइव्हवर पहारा असेल तर तो अनमाउंट होईना, म्हणजे नीट काढता येईना. बदलाची खबर सिग्नलने मिळे, पण कोणती फाईल बदलली ते कळत नसे. म्हणजे शेवटी यादी आलीच! फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या केक्यू या सोयीतही पहाऱ्यातली प्रत्येक फाईल उघडी ठेवावी लागते.

जॉन मॅकचन आणि रॉबर्ट लव्ह यांचं इनोटिफाय ऑगस्ट २००५ मध्ये लिनक्स २.६.१३ सोबत कर्नलमध्ये दाखल झालं. एकच डिस्क्रिप्टर (कर्नलकडून खबर घेण्याचा दुवा), त्यावर अनेक वॉच (एकेका फोल्डरवरचे पहारे), आणि फाईलच्या नावासकट घटना. फाईल लिहून बंद झाली याची वेगळी खबर मिळते, ही माझ्या मते त्यातली सर्वांत कामाची गोष्ट. अर्धवट उतरलेली फाईल पुढच्या टप्प्यात जाण्याचे प्रकार त्यामुळे टळतात.

आजच्या साधनांच्या खोडीही तिथूनच आल्या. इनोटिफाय उपफोल्डरांत आपणहून शिरत नाही, प्रत्येकावर वेगळा वॉच लावावा लागतो. नवा उपफोल्डर तयार होणं आणि त्यावर वॉच बसणं यांच्या मधल्या क्षणात आत पडलेली फाईल निसटू शकते, म्हणून चांगली साधनं वॉच लावल्यावर आत एकदा डोकावून घेतात. एका वापरकर्त्याला मूळ मर्यादा ८१९२ वॉचची होती. मोठ्या प्रोजेक्टमध्ये ती चटकन संपे, आणि साधन 'जागा शिल्लक नाही' म्हणे. माणसं बिचारी डिस्क तपासत बसत. २०२१ च्या लिनक्स ५.११ पासून ही मर्यादा मेमरीच्या प्रमाणात ठरते. घटनांची रांग तुंबली तर पुढच्या घटना गळतात. गळती झाल्याची सूचना मिळते, काय गळलं ते कळत नाही.

मग कर्नलमधली दुसरी सोय, फॅनोटिफाय, का नाही? ते संपूर्ण माउंटवर, म्हणजे जोडलेल्या अख्ख्या डिस्कवर, एकदम नजर ठेवू शकतं. पण त्याची रचना अँटिव्हायरससारख्या कामासाठी झाली. सुरुवातीला रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार लागत, आणि फाईल तयार होण्या-पुसण्याच्या घटना त्यात २०१९ साली ५.१ मध्ये आल्या. तोवर छोट्या साधनांचा संसार इनोटिफायवर थाटून झाला होता.

नेटवर्कवरच्या फोल्डरपुढे मात्र इनोटिफायचा इलाज चालत नाही. एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वाटून घेण्याच्या पद्धतीत, दुसऱ्या मशीनने केलेला बदल आपल्या कर्नलच्या हातून जातच नाही, मग तो खबर देणार कशी? तिथे आजही दर काही सेकंदांनी यादी काढावी लागते.