गुदाशय-शस्त्रक्रियेनंतरचे शौचविकार

गुदाशयाच्या कर्करोगात गाठीसह गुदाशयाचा काही भाग किंवा सगळाच काढून मोठ्या आतड्याचे टोक खाली जोडतात. गुदद्वार वाचते, मल गोळा करणारी पोटावरची कायमची पिशवी टळते. पण पुष्कळांना त्यानंतर शौचाच्या तक्रारी सुरू होतात. जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा तीन-चारदा जावे लागणे, अनावर घाई, वायू की मल हे न कळणे, नकळत गळणे ही लक्षणे. जोड भरून येईपर्यंत पोटावर तात्पुरती पिशवी असेल, तर ती बंद केल्यावरच त्रास कळू लागतो.

याला जुलाब समजून औषध घेणे चूक. साधारण १२ ते १५ सेंमी लांबीचा गुदाशय मल साठवतो. तो गेल्यावर साठवणच उरत नाही. मज्जातंतू व आवळणारे स्नायू दुखावलेले असतात, शेक (किरणोपचार) दिला असेल तर उरलेला भाग ताठरतो. गाठ जितकी खाली, तितका त्रास जास्त. २०१२ मध्ये डेन्मार्कमधील शल्यचिकित्सकांनी पाच प्रश्नांची, ० ते ४२ गुणांची मोजणी मांडली. ३० व त्यापुढील गुण म्हणजे तीव्र त्रास.

उपचारांचा रोख वेळेचा अंदाज येण्यावर असतो. इसबगोल इंदूरच्या घरांत बद्धकोष्ठावर घेतात, आणि ते पिकते जवळच, नीमच-मंदसोर भागात. या त्रासात मात्र तेच दह्यात कालवून किंवा बेताच्या पाण्यातून घेतले की पातळ मल घट्ट होतो. आतड्याची गती कमी करणारे लोपेरामाइड जेवणाआधी अर्धा तास. मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. पोहे बहुतेकांना सोसतात, वरची शेव, कच्चा कांदा आणि जिरावण मसाला अनेकांना नाही. काय खाल्ले आणि पुढे काय झाले, हे वहीत टिपल्यास ज्याचे त्याला कळते. इंदूरच्या सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाला जायचे म्हणून दिवसभर उपाशी राहणारेही आहेत. उपासाने वायू आणि अनियमितपणा वाढू शकतो. त्यापेक्षा थोडे-थोडे खाऊन कडेची खुर्ची धरणे बरे. सारखे पुसण्याऐवजी कोमट पाण्याने धुवावे आणि झिंक ऑक्साइडचे मलम लावावे.

श्रोणितळाच्या (ओटीपोटाच्या तळाच्या) स्नायूंचे व्यायाम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत. तेवढ्याने न भागल्यास गुदद्वारातून ठरावीक वेळी पाणी सोडून आतडे रिकामे करण्याची पद्धत आहे. जोडाला इजा होण्याचा धोका असल्याने ती शिकवल्याशिवाय करू नये. काहींना माकडहाडाजवळच्या मज्जातंतूंना सौम्य विद्युत् उद्दीपन देतात.

सुधारणा मुख्यतः पहिल्या वर्ष-दोन वर्षांत होते. पुढे उरलेला त्रास बहुधा टिकतो. रक्त पडणे, वजन घटणे किंवा बसलेली घडी अचानक मोडणे याला जुनाच त्रास म्हणू नये, तपासणी करावी. सगळे उपाय थकल्यावर काहीजण कायमची पिशवी स्वतःहून मागतात. नातेवाइकांना तो पराभव वाटतो, पण पुन्हा घराबाहेर पडू लागलेला रुग्ण सहसा तसे म्हणत नाही.