औचित्य (संस्कृत काव्यशास्त्र)

काव्यातील शब्द, अलंकार, पात्रांचे वागणे-बोलणे, स्थळ आणि काळ हे सारे एकमेकांना आणि मुख्यतः रसाला (शृंगार, करुण यांसारख्या, काव्यातून आस्वादल्या जाणाऱ्या भावाला) साजेसे असणे, याला संस्कृत काव्यशास्त्रात औचित्य म्हणतात. कल्पना जुनी आहे. पण तिला स्वतंत्र ग्रंथ मिळाला तो अकराव्या शतकात, काश्मीरच्या क्षेमेंद्राकडून. अनंतराजाच्या कारकिर्दीत (१०२८–१०६३) त्याने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली.

क्षेमेंद्राची व्याख्या साधी आहे : ‘उचितं प्राहुराचार्याः सदृशं किल यस्य यत्’. जे ज्याला अनुरूप, ते त्याला उचित. यातला ‘ज्याला’ महत्त्वाचा. कोणताही शब्द किंवा अलंकार एकटा असताना उचितही नसतो आणि अनुचितही नसतो. तो कशाच्या शेजारी आला, कोणाच्या तोंडी आला, यावर सगळे ठरते. कमरपट्टा गळ्यात घातला, हार कमरेला बांधला, नूपुर हातात चढवले तर कोणाचेही हसू होईल, असे तो म्हणतो. लगेच पुढे गुणांचेही तेच सांगतो : शरण आलेल्यावर शौर्य गाजवणारा आणि शत्रूवर करुणा करणारा हाही हास्यास्पदच.

कमरपट्ट्याचा दाखला त्याच्याआधीचा आहे. देशाला न शोभणारा वेष खुलत नाही, छातीवर बांधलेली मेखला हसेच करते, असे भरताच्या नाट्यशास्त्रात नटांच्या वेषभूषेसंदर्भात आले आहे. नवव्या शतकात काव्यशास्त्रज्ञ आनंदवर्धनाने ही कल्पना रंगभूमीवरून काव्याच्या गाभ्यात आणली. रसभंगाला अनौचित्यावाचून दुसरे कारण नाही, हे त्याचे ध्वन्यालोकातील वचन. वक्रोक्तीचा पुरस्कर्ता कुंतक यानेही सर्व काव्यमार्गांना, म्हणजे काव्यशैलींना, समान असणाऱ्या गुणांत औचित्य धरले.

क्षेमेंद्राने पद, वाक्य, प्रबंधार्थ (संपूर्ण रचनेचा अर्थ) यांपासून लिंग, वचन, उपसर्ग, निपात (अव्यये), देश, काल, नाव आणि आशीर्वादापर्यंत औचित्याची २७ स्थाने मोजली. यादी विस्कळीत आहे. व्याकरणाची अंगे, पात्राचा स्वभाव आणि कवीची प्रतिभा एकाच रांगेत बसवली आहेत. ग्रंथाचे खरे मोल उदाहरणांत आहे. जवळजवळ प्रत्येक स्थानी तो एक साधलेला आणि एक फसलेला श्लोक समोर ठेवतो.

‘रत्नावली’ नाटिकेत विरहाने पोळलेल्या सागरिकेची कमलपत्रांची शय्या तिची तळमळ सांगते. तिथे तिला ‘कृशांगी’ म्हटले आहे. हे पद क्षेमेंद्राला पसंत, कारण विरहाने रोडावलेल्या देहाला ते नेमके लागू पडते. उलट, धर्मकीर्तीच्या एका श्लोकात विधात्याने सौंदर्याचे सारे धन उधळून एक स्त्री घडवली आणि तिला ‘तन्वी’ (सडपातळ) म्हटले. हे पद केवळ अनुप्रासासाठी आले. तिथे ‘सुंदरी’ हवे होते, असा त्याचा निवाडा आहे.

कालिदासही यातून सुटत नाही. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात ‘क्रोध आवरा’ अशी देवांची आर्त हाक आकाशात घुमते न घुमते तोच शिवाच्या नेत्रातला अग्नी मदनाला भस्म करतो. या क्षणी कवीने शिवाला ‘भव’ म्हटले. भव म्हणजे उत्पत्ती. संहाराच्या घटकेला ‘हर’ (हरण करणारा) हे नाव शोभले असते, असे क्षेमेंद्र म्हणतो. इतक्या बारकाईने वाचणारा समीक्षक कोणत्याही भाषेला भाग्यानेच लाभतो.

औचित्य हा रस, ध्वनी (सूचित अर्थ), वक्रोक्ती (उक्तीतील वैचित्र्य) यांसारखा स्वतंत्र संप्रदाय मानावा का, याविषयी मतभेद आहेत. क्षेमेंद्र औचित्याला काव्याचे स्थिर ‘जीवित’ (प्राण) म्हणतो खरा. पण कोणत्या काव्याचे, तर ‘रससिद्ध’ काव्याचे. म्हणजे रस आधी गृहीतच आहे. त्याचा गुरू अभिनवगुप्त याने हा मुद्दा आधीच मांडला होता : कशाला उचित हे ठरवायला रसादी ध्वनी मान्य करावाच लागतो, नुसत्या औचित्याची भाषा त्यामुळे अपुरी पडते. हा आक्षेप निर्णायक वाटतो. औचित्य हे काव्याचे मूळ तत्त्व होण्यापेक्षा वाचकाच्या हातातली कसोटी म्हणून अधिक उपयोगी आहे.

या कसोटीची एक मर्यादा मात्र डोळ्याआड करू नये. कुल, व्रत, देश यांचे औचित्य ठरवताना त्या काळचे लोकसंकेत काव्यात शिरतात. कुमारसंभवाच्या आठव्या सर्गातील शिवपार्वतींचा शृंगार क्षेमेंद्राला अनुचित वाटला, आणि पुढे ‘काव्यप्रकाश’कार मम्मटानेही असे वर्णन म्हणजे आईवडिलांच्या शृंगाराचे वर्णन करण्यासारखे होय, असे म्हटले. आनंदवर्धनाची भूमिका अधिक उदार होती. दोष त्यालाही दिसला, पण महाकवीच्या शक्तीने तो झाकला जातो आणि वाचकाला खटकत नाही, असे त्याने नोंदवले. ‘भव’ या नावावरचा आक्षेप शब्द आणि प्रसंग यांच्या संबंधातून आला आहे; आठव्या सर्गावरचा आक्षेप देवतांविषयीच्या श्रद्धेतून. दोन्हींना एकच नाव असले तरी त्यांचे वजन सारखे मानता येत नाही.

आधुनिक काळात हा ग्रंथ मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या ‘काव्यमाला’ मालिकेतून प्रसिद्ध झाला.