विकिमजकूर पार्सिंग

विकिपीडियाच्या संपादन खिडकीत दिसणारा कच्चा मजकूर प्रोग्रामने सुटा करून त्यातली माहिती रकान्यांत भरणे म्हणजे विकिमजकूर पार्सिंग. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत या कामाला 'एमडब्ल्यू पार्सर फ्रॉम हेल' ही लायब्ररी (तयार कोडचा संच) सर्रास वापरतात. मराठवाड्याचे ८ जिल्हे आणि ७६ तालुके यांचा तक्ता मराठी पानांवरून करायचा, असे काम इथे उदाहरणाला घेतले आहे.

मजकूर नुसत्या उभ्या रेघेवर तोडायचा मोह होतो, पण '[[अंबाजोगाई|अंबेजोगाई]]' या दुव्याच्या पोटातही उभी रेघ असते आणि एका साच्यात (महिरपी कंसांत लिहिलेला, अनेक पानांवर वापरायचा तयार तुकडा) दुसरा साचा बसलेला असतो. लायब्ररी हे कंस जुळवून मजकुराचे झाड (एकात एक बसलेल्या भागांची रचना) तयार करते. 'फिल्टर टेम्प्लेट्स' या आज्ञेने साचे मिळतात. ते आतल्या साच्यांसकट येतात, म्हणून फक्त वरचे हवे असतील तर 'रिकर्सिव्ह' (आतपर्यंत शोधणे) हा पर्याय बंद ठेवावा. माहितीचौकट (पानाच्या बाजूला ठळक माहिती देणारा साचा) नावावरून ओळखायची, हवा तो पॅरामीटर (साच्यातली 'नाव = माहिती' अशी नोंद) आहे का हे 'हॅज'ने पाहायचे आणि मगच 'गेट'ने घ्यायचा. नसलेला पॅरामीटर मागितला की प्रोग्राम एररवर थांबतो.

समजा, लातूर जिल्ह्याच्या चौकटीत 'लोकसंख्या = २४,५४,१९६' असून पुढे संदर्भाच्या टॅगमध्ये (कोनी कंसांतल्या खुणेत) 'जनगणना २०११' आहे. 'स्ट्रिप कोड' ही साधा मजकूर देणारी आज्ञा टॅग काढते, आतला मजकूर मात्र ठेवते, त्यामुळे हाती '२४,५४,१९६जनगणना २०११' येते. म्हणून संदर्भाचे टॅग आधी काढावेत. साच्याचे नेमके उलटे होते: आकडा एखाद्या साच्यात लिहिलेला असेल, तर 'स्ट्रिप कोड' तो साचा आकड्यासकट गिळते आणि रकाना गुपचूप रिकामा राहतो. लायब्ररी साचे उलगडून दाखवत नाही, हे धरूनच चालावे.

खरी डोकेदुखी देवनागरीची. पायथॉनचे 'इंट' (मजकुराचा पूर्णांक करणारी आज्ञा) २४५४१९६ हा आकडा देवनागरीतही बिनतक्रार वाचते, फक्त स्वल्पविराम काढावे लागतात. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या (मजकुरात नमुने शोधायच्या पद्धतीच्या) मूळ मॉड्यूलमधले शब्द-अक्षराचे चिन्ह मात्र काना-मात्रांना अक्षर मानत नाही. 'जालना'चे 'ज' आणि 'लन' असे दोन तुकडे होतात. त्यासाठी वेगळे 'रेजेक्स' मॉड्यूल घ्यावे. मुखेड तालुक्यातल्या बाऱ्हाळीतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: 'ऱ' वापरून, किंवा साध्या 'र'ला हलंत आणि न दिसणारा जोडक लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण तुलनेत जुळत नाहीत. युनिकोडचे 'एनएफसी' हे प्रमाणित रूप केले तरी हा फरक मिटत नाही. एक रूप ठरवून दुसरे स्वतः बदलावे लागते.

तक्त्याची किल्ली (प्रत्येक ओळ ओळखायची खूण) म्हणून पानाचे नाव घेऊ नये, पान क्रमांक घ्यावा. औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावे २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. पान स्थानांतरित झाले तरी क्रमांक तोच राहतो. '#पुनर्निर्देशन'ने सुरू होणारी, म्हणजे नव्या नावाच्या पानाकडे नेणारी, पाने वेगळ्या यादीत ठेवून जुनी नावे त्यावरून जुळवावीत.

शेवटी ताळा. तालुके बीडचे ११, लातूरचे १०, नांदेडचे १६, परभणीचे ९, हिंगोलीचे ५, जालन्याचे ८, संभाजीनगरचे ९, धाराशिवचे ८. बेरीज ७६ भरली नाही, तर कुठले तरी पान सुटले किंवा दोनदा आले. जुन्या जनगणनांचे आकडे शेजारी मांडताना जालना १९८१, लातूर १९८२ आणि (परभणीतून) हिंगोली १९९९ मध्ये वेगळे झाले, हे ध्यानात ठेवावे. नाहीतर परभणीची लोकसंख्या २००१ मध्ये एकदम घटलेली दिसते आणि दोष पार्सरच्या माथी जातो.